दुकानाची पाटी आणि तांदळाचा डबा

दातांच्या दवाखान्यात किस्से साठतातच. खुर्चीत बसलेल्या माणसाचं तोंड उघडं, त्याला बोलता येत नाही. मग चूळ भरली की सगळं एकदम बाहेर येतं! पण आजचे किस्से आमच्याच फजितीचे. जुळे सोलापुरातला माझा दवाखाना, रिसेप्शनला शमीमताई, आणि एका सोमवारी कायमचा बंद पडलेला कॉम्प्युटर. पेशंटची माहिती, एक्स-रे, फोटो सगळं त्यातच. सगळं गेलं.

*

त्याच दिवशी वैरागचे एक काका आले. मी ओशाळून विचारलं, "काका, मागच्या वेळी कुठली दाढ काढली होती आपण?"

काकांनी मला नीट न्याहाळलं. "दाढ तुमी काढली, आन् कुटली काढली ते मला इचारताय व्हय?"

*

दुसऱ्या दिवशी मात्र हसू आलं नाही. करमाळ्याच्या एका पेशंटचा जबडा सुजला होता. "कुठल्या औषधाची ॲलर्जी?" "न्हाय की," ते म्हणाले. मी गोळ्या लिहून दिल्या.

त्यांच्या बायकोनं पिशवीतून जुनी चिठ्ठी काढली आणि दोन्ही शेजारी शेजारी धरल्या. जुन्या चिठ्ठीवर मीच लाल पेनानं लिहिलं होतं, ही गोळी देऊ नये.

"म्याडम, हितं तुमीच नको लिवलंय, हितं तुमीच द्या लिवलंय. कुठल्या म्याडमचं ऐकू?"

मी नवी चिठ्ठी फाडली, माफी मागितली आणि त्याच दुपारी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या व्यंकटेशला बोलावलं. म्हटलं, "हे पुन्हा होता कामा नये. काय लागेल ते सांग."

*

"बॅकअप नव्हता?" व्यंकटेशनं विचारलं.

"होता की!" वेगळी डिस्क होती, पण ती कायम कॉम्प्युटरलाच जोडलेली. विजेचा दाब अचानक वाढला तेव्हा दोन्ही एकदमच गेली.

"मॅडम, दोन्ही लेकरं एकाच गाडीत बसवलीत तुम्ही!"

मग ठरलं. एक प्रत नव्या कॉम्प्युटरवर, एक आपोआप इंटरनेटवर, आणि एक पासवर्ड घातलेल्या डिस्कवर. ती डिस्क रोज शमीमताईंनी घरी न्यायची.

*

आठवड्यानं मी विचारलं, "ताई, डिस्क घरी कुठं ठेवता?"

"पिशवीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात."

मी उडालेच. "कपाट नाही का?"

"कपाटाला चौघांचे हात लागतात, मॅडम. तांदळाच्या डब्याकडं माझ्याशिवाय कुणी फिरकत नाही!"

*

तीन महिने शिस्तीत गेले. पण मला चैन पडेना. म्हटलं, डिस्कवरून एका पेशंटची माहिती उघडून दाखवा. उघडेना! व्यंकटेशनं तपासलं. इंटरनेटवरची प्रत ठीक होती, पण डिस्कवर रोज कॉपी होत होता तो डेस्कटॉपवरचा नुसता शॉर्टकट. आत माहिती काहीच नाही.

शमीमताईंनी कपाळाला हात लावला. "म्हणजे तीन महिने मी दुकानाची पाटीच घरी नेत होते!"

तेव्हाच नियम केला. महिन्याच्या पहिल्या शनिवारी, वेगळ्या कॉम्प्युटरवर, बॅकअपमधून एक पेशंट उघडायचा. तो उघडेपर्यंत कुणी घरी जायचं नाही. मीसुद्धा!

*

गेल्या महिन्यात नवा कॉम्प्युटरही बसला. या वेळी दुपारपर्यंत सगळं परत जागेवर आलं. संध्याकाळी अक्कलकोटकडच्या एक बाई आल्या. नुकतेच त्यांचे वडील वारले होते.

"दोन म्हैन्यांमागं अण्णांची कवळी तुमीच केली होती. एखादा फोटो हाय का? घरातल्या सगळ्या फोटोत तोंड मिटून बसल्यात."

शमीमताईंनी शोधून काढला. नवी कवळी बसवली त्या दिवशीचा. अण्णा डोळे बारीक होईपर्यंत हसत होते.

बाई बघतच राहिल्या. मग त्यांनी आईला फोन लावला. "आई, फोटो गावला. अण्णा हसत्यात गं... व्हय, अण्णाच. खरंच हसत्यात!"

मग बाईंनी फोनवर हात ठेवून आमच्याकडं बघितलं.

"आई इचारतीय, कुणाकडं बघून हसले?"

शमीमताई म्हणाल्या, "आरशात."