चार – सात – एक

भुताखेतांच्या गोष्टींविरुद्धची पत्रकं वाटत मी वाढले. बाबा लिहायचे, घड्या मी घालायचे. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय... पण घडलेलं लपवणं हाही खोटेपणाच.

मालगुंडजवळच्या आमच्या वाडीतल्या होड्यांना खोल समुद्रात मोबाईलची रेंज नाही. अर्ज करून थकलो, मग आम्हीच रेडिओ मोडेम बसवले. लांबच्या होडीचा निरोप मधली होडी उचलते आणि टेकडीवरच्या माझ्या मोडेमला देते. कुणी कुणाकडे पाठवायचा, तो तक्ता माझा. टेकडी एक नंबर. सात नंबर बाबल्याकाकांचा – त्यांची होडी कायम मधल्या टप्प्यात.

काका आजारपणात गेले. होडी विकली, मोडेम माझ्याकडे परत आला. मी तक्त्यातून सात खोडायला निघाले, तर काकी आडवी आली.

"अगो, वर्ष होईस्तोवर तरी ठेव. माणूस गेला की लगेच पुसायचा?"

"काकी, नंबर म्हणजे माणूस नव्हे!"

"मग ठेवायला तुझं काय जातंय?"

भांडले, पण ठेवला. खरं तर घोडचूक. सातकडे गेलेला निरोप तिथेच मरणार.

दिवाळीआधी एके दुपारी वारा उठला. सगळ्या होड्या परतल्या – चार नंबर सोडून. तिच्यावर माझा भाऊ सुधीर. तीनच्या सुमारास स्क्रीनवर आलं : "मशीन बंद. खडकाकडे वाहतोय." सोबत ठिकाण. दोन लाँच धावल्या. खडक अगदी हाकेवर असताना सुधीरच्या होडीवर दोर पडला.

सुधीर घरी आल्यावर निरोप कुठून कुठून आला, ती नोंद मी पाहिली. चार – सात – एक.

सात माझ्या कपाटात होता. बॅटरी मीच काढलेली.

त्या जागेवरून टेकडीपर्यंत थेट निरोप पोचत नाही. आम्ही पुन्हा होडी नेऊन तपासलं. मोडेम विकणारा इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, नोंद चुकली असेल." असेल. पण निरोप तर खरा होता ना? तो आला कसा?

मला माहीत नाही. भूत म्हणणार नाही – कालही पत्रकं वाटलीत. पण सुधीर परतला त्याच संध्याकाळी काकीकडे गेले, सगळं सांगितलं आणि पाया पडले. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी. ती मासे साफ करत होती. हातातला मासा पुरा केला. मग म्हणाली,

"सुधीर जेवला काय गो?"

"जेवला," म्हटलं... आणि तिथेच रडू फुटलं.