दोन वटवट्या

चूक माझीच होती. पण नेमकी कोणती, हे मला दोन दिवस सांगता येत नव्हतं.

आम्ही नांदेडहून लातूरला बायकोच्या मोठ्या बहिणीकडे गेलो होतो. मी त्यांना अक्का म्हणतो. साडू जाऊन वर्षही झालं नव्हतं, मुलं पुण्यात. आम्ही गेलो की अक्का सकाळी बोलायला लागायच्या ते झोपेपर्यंत.

मी घरामागच्या तुरीत पक्षी बघत होतो. कुंपणावर राखी वटवट्या होता. डोकं राखाडी, पोट तांबूस, एकसारखं टी-टी-टी. पलीकडे फिकट मातकट, पांढुरक्या भुवईचा. तो साधा वटवट्या असावा. त्याचा आवाज किड्यासारखा, किर्रर्र. शेपट्या दोघांच्याही लांब. पुस्तकात फरक स्पष्ट असतो. इथे पान हललं की राखी साधा वाटायचा आणि साधा राखी. शेवटी पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर लिहिलं : ‘सकाळपासून दोन वटवट्या समोर आहेत. एकीचं तोंड थांबत नाही, दुसरी मधूनच किरकिरते. दोघी बहिणीच. मला तर फरक कळेना.’

वटवट्या पुल्लिंगी, मी घाईत चिमणीसारखं स्त्रीलिंगी लिहिलं. फोटो जोडायचा राहिला. आणि ग्रुप घरचा निघाला.

आत गेलो तर बायको म्हणाली, “किरकिरते ती मीच ना?”

“अगं, पक्षी आहेत ते!”

“पक्षी? बहिणी म्हणलात की!”

अक्का हसल्या. “ऱ्हाऊ दे गं. दाजी खोटं न्हाई बोलले. लई बोलते मी.”

त्यानंतर त्या बोलल्याच नाहीत. जेवताना “भाजी वाढू का?” एवढंच. मी फोटो दाखवले, पुस्तक उघडून दाखवलं. त्यांनी मान डोलावली. घर मात्र गप्पच राहिलं.

मला काही उमगेना. लिहिलं होतं ते पक्ष्यांबद्दलच. मग माफी कशाची मागायची? पण चहा अर्धा टाकून मी तुरीत गेलो होतो, तो पक्ष्यांसाठी, की अक्कांचं बोलणं नको म्हणून? याचं उत्तर द्यायला मी दोन दिवस टाळाटाळ केली.

निघताना पिशवी हातात घेऊन दारात थांबलो.

“अक्का, लिहिलं ते पक्ष्यांचंच होतं. पण तुम्ही बोलत होता आणि मी उठून तुरीत पळालो. ते चुकलं माझं. माफ करा.”