साखळ्या पुढच्या चाकांना

त्या सोमवारी शेजारच्या मानोल आजोबांच्या पायात बूट शिरत नव्हते. बिसेरा पहाटे सहाला त्यांना न्यायला गेली, तेव्हा ते पलंगाच्या कडेला बसून आपल्याच पावलांकडे परक्या माणसाकडे बघावं तसे बघत होते.

"पाणी साचलंय," ते म्हणाले. "शुक्रवार चुकला ना. बघ, अंगठ्यानं दाबलं की खड्डा पडतो, आणि तो भरून यायचं नाव घेत नाही."

"बूट राहू द्या आजोबा. दोन जोड लोकरीचे मोजे घाला, वरून रबरी जोडे."

"बूट पिशवीत घे. येताना घालीन."

"येताना घाला," बिसेरा म्हणाली आणि तिनं बूट पिशवीत टाकले.

मानोल आजोबांची मूत्रपिंडं थकून तीन वर्षं झाली होती. आठवड्यातून तीनदा खिंडीपलीकडच्या शहरात जाऊन चार तास यंत्राला जोडून घ्यायचं, तेव्हा कुठं रक्त धुऊन निघायचं. शुक्रवारी बर्फ सारणारी गाडी आलीच नाही आणि खिंड बंद राहिली. रविवारी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्या जास्त बोलल्या नाहीत. सोमवार चुकवू नका, पाणी फुप्फुसात चढेल, एवढंच म्हणाल्या. तो फोन बिसेरानंच घेतला होता. आजोबांना तिनं अर्धंच सांगितलं, आणि उरलेलं त्यांनी तिच्या तोंडाकडे बघून ओळखलं.

बिसेराचं वय त्रेपन्न. एकविसाव्या वर्षी ती सहकारी शेतीचा दुधाचा ट्रक चालवायची. दोन उन्हाळे तिनं रोडोपीच्या त्या डोंगरातले सगळे गोठे पालथे घातले होते. मग स्तामेनशी लग्न झालं आणि घरातला चालवणारा माणूस तो ठरला. तीस वर्षं गावची व्हॅन त्यानं चालवली. आधी निसा नावाची जुनी गाडी होती. तिचं इंजिन खोकायचं, पण मागची चाकं गाडी ढकलत ढकलत कुठल्याही चढावर न्यायची. वसंतात सरपंचीणबाईंनी खटपट करून नवी पांढरी व्हॅन मिळवली, आणि त्याच महिन्यात स्तामेन गवताच्या माळ्यावरून पडला. खुबा मोडला. शहरातून ड्रायव्हर आणायचं चाललं होतं, तेव्हा बिसेरा पंचायतीत जाऊन म्हणाली, "माझं लायसन्स आहे की."

स्तामेन आठ दिवस बोलला नाही. नवव्या दिवशी म्हणाला, "दुसऱ्या गिअरमध्ये क्लच जरा सावकाश सोडत जा." म्हणजे त्यानं मान्य केलं होतं.

ऑक्टोबरअखेर, दिमितरच्या सणाला, गावात थंडी सुरू झाली असं धरतात. मेंढपाळ खाली उतरतात, चुली लिंपून होतात आणि ज्यांच्याकडे गाडी आहे ते बर्फात चाकांना बांधायच्या साखळ्या अंगणात पसरून एकेक कडी तपासतात. निसाच्या साखळ्या स्तामेनच्या फार जिवाभावाच्या. "लोहाराकडून दोन कड्या काढून घेऊ, बसतील," तो म्हणाला.

"नाही बसणार. या टायरचा आकडा वेगळा आहे." बिसेरानं टायरच्या कडेवर कोरलेला आकडा तळहातावर पेनानं उतरवून घेतला होता.

"आकडा! आमच्या वेळी चाक बघून कळायचं."

"तुमच्या वेळी चाकं तरी एकसारखी होती."

शहरातल्या दुकानदारानं गल्ल्यावर दोन प्रकार मांडले. एक शिडीसारख्या आडव्या पट्ट्यांचा, जाडजूड. स्तामेनचा हात आपोआप त्याच्यावर गेला. दुसरा बारीक कड्यांचा, चाकावर चौकटींची जाळी पडेल असा, आणि मागच्या बाजूनं एक लवचीक तारेची कमान. बिसेरानं ती कमान वाकवून पाहिली. चाक न हलवता ती मागून सरकवता येणार होती. "ह्या," ती म्हणाली. स्तामेननं त्या हातात तोलल्या. "मुलींच्या गळ्यात शोभतील," म्हणाला. पण अडला नाही.

त्या संध्याकाळी अंगणात कोरड्या फरशीवर तिनं त्या तीनदा घातल्या, तीनदा काढल्या. चौथ्या वेळी डोळे मिटून. कुंपणापाशी शेजारणी जमल्या होत्या. "अगं, चाकाला अंतर्वस्त्र घालतेस का?" एकीनं विचारलं आणि सगळ्या हसल्या. बिसेराही हसली, पण तिचे हात थांबले नाहीत.

हे सगळं इतकं नीट केलेलं होतं. तरी त्या सोमवारी पहाटे साखळ्या तिनं स्वतः घातल्या नाहीत. स्तामेन काठी टेकत व्हॅनपाशी आला होता आणि म्हणाला होता, "तू म्हाताऱ्याला आण. एवढं तर मला करू दे." सात महिन्यांत त्यानं पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. तिनं साखळ्यांची पिशवी त्याच्या हातात दिली.

रुस्का बाई गावच्या निवृत्त शिक्षिका. आजोबांना सोबत आणि स्वतःच्या डोळ्यांची तपासणी म्हणून त्याही निघाल्या होत्या. मांडीवर लिंडनच्या फुलांच्या चहाचा थर्मास होता. बर्फ बारीक पडत होता. स्तामेननं बॉनेटवर थाप मारली, "घट्ट आहेत," आणि बिसेरानं गाडी फाटकातून वळवून रस्त्याला लावली.

चर्चपासून गिरणीपर्यंतचा रस्ता सपाट. तिथं काही जाणवलं नाही. चढ लागला तशी व्हॅन जड चालू लागली. दगडी पाणवठ्याच्या वळणावर, रस्ता कामगारांच्या बंद खोलीपाशी, तिनं स्टीअरिंग डावीकडे फिरवलं आणि व्हॅन वळली नाही. ती सरळच जात राहिली, अगदी सावकाश, आणि रस्त्याकडेच्या बर्फाच्या ढिगात तिनं नाक खुपसलं. बिसेरानं मागे घ्यायचा प्रयत्न केला. चाकं जागच्या जागी घुं घुं करत फिरली.

"आलं का शहर?" आजोबांनी विचारलं.

"गप्प बसा हो," रुस्का बाई म्हणाल्या.

बिसेरा खाली उतरली. पुढची दोन्ही चाकं उघडी, काळी, गुळगुळीत बर्फ लावून बसलेली. ती मागे गेली. मागच्या चाकांवर साखळ्यांची जाळी इतकी सुरेख बसली होती की एक कडी इकडची तिकडे नव्हती. स्तामेनच्या हातांनी तीस वर्षं जिथं बांधायची तिथंच बांधली होती. निसाला ढकलणारी चाकं मागची. ही गाडी मात्र पुढच्या चाकांनी ओढते, आणि वळतेही त्यांच्यावरच.

तिला राग यायला हवा होता. तो आला नाही. घड्याळात सात वाजून गेले होते, फोनला खिंडीपर्यंत कधीच रेंज नसते, आणि आजोबा आत श्वास घेत होते तो बाहेर ऐकू येत होता.

"काय झालं?" रुस्का बाईंनी काच खाली केली.

"साखळ्या मागं लागल्यात."

मग आतून आजोबांचा आवाज आला, "म्हणजे तुझ्या नवऱ्यानं बूट हातात घातले! आणि मी उगाच माझ्या पायांना नावं ठेवत होतो."

रुस्का बाई हसल्या, बिसेराला हसू फुटलं, आणि त्या हसण्यानंच तिचे हात मोकळे झाले. तिनं मागून फावडं काढलं.

मागचं एक चाक साखळीच्या दोन कड्यांवर उभं होतं, ती सोडवायची तर गाडी थोडी मागे सरकवावी लागणार होती. रुस्का बाई आपल्या शहरी कोटासकट खाली उतरल्या आणि पाणवठ्याच्या कठड्यावरून निखळलेला एक दगड घेऊन चाकाच्या वीतभर मागे धरून उभ्या राहिल्या. "सांग, केव्हा लावू." बिसेरानं आत बसून ब्रेक अलगद सोडला, गाडी वीतभर मागे घसरली, "लावा!" आणि दगड चाकाखाली बसला. चाळीस वर्षं मुलांना ओळीत उभं करणाऱ्या बाई. त्यांचा दगड जागचा हलला नाही.

साखळ्या सुटल्या. बिसेरानं पुढच्या चाकांभोवतीचा बर्फ उपसला, हातमोजे काढून दातांत धरले. कमान चाकामागून सरकवायची, वर टोकं जोडायची, जाळी पुढे ओढून आकडा लावायचा, मग लाल साखळी ताणून खाली अडकवायची. उजवं चाक ढिगाला टेकलेलं होतं. तिथं तिला आत काही दिसत नव्हतं. तिनं डोळे मिटले. दिमितरच्या संध्याकाळची फरशी, शेजारणींचं हसणं, बोटांखालची तार. टोकं आपोआप जुळली.

गाडी मागे आली. दहा पावलं पुढे नेऊन ती पुन्हा उतरली आणि सैल पडलेली ओढ घट्ट केली. हे विसरायचं नसतं. मग तिनं पाणवठ्याचं वळण घेतलं. व्हॅन वळली. खिंडीत पोचेपर्यंत फक्त साखळ्यांचा एकसारखा कुरकुर आवाज येत राहिला, आणि रुस्का बाईंनी ओल्या हातांनी तीन कप चहा ओतला. आजोबांना अर्धाच घोट.

पलीकडच्या उतारावर खाली डांबर उघडं झालं तसं तिनं गाडी बाजूला घेऊन साखळ्या काढल्या. कोरड्या डांबरावर त्या तुटतात. साडेनऊला ते तिघं दवाखान्याच्या पायऱ्यांशी होते. नर्सनं आजोबांची पावलं पाहिली, बिसेराकडे पाहिलं, आणि फक्त, "आणलंत. बरं झालं," एवढंच म्हणून चाकांची खुर्ची आत वळवली.

बिसेरा व्हरांड्यात बसली. तिनं घरी फोन लावला. वाजत राहिला. अकराला पुन्हा लावला. बाराला पुन्हा. कुणी उचलला नाही. रुस्का बाईंनी आणलेली चीज भरलेली खुसखुशीत बनित्सा तिनं अर्धी खाल्ली, उरलेली कागदात गुंडाळून ठेवली.

दोनला आजोबा बाहेर आले. चेहरा पांढराफटक, पण श्वास शांत. व्हॅनमध्ये बसल्यावर ते म्हणाले, "पिशवीतले बूट काढ."

"आज नको, आजोबा."

"काढ म्हणतो ना."

पाऊल अडत अडत का होईना, आत गेलं. नाडी शेवटच्या भोकापर्यंत पोचली नाही, पण गाठ बसली. आजोबांनी ती गाठ दोन वेळा घातली आणि दोन वेळा सोडून पुन्हा घातली, फक्त घालता येते म्हणून. बिसेरा आरशातून बघत होती. मग तिनं गाडी चालू केली.

खिंडीच्या पायथ्याशी तिनं साखळ्या चढवल्या. या खेपेला पाच मिनिटंही लागली नाहीत. खिंड ओलांडून पाणवठ्याच्या वळणावर आली तर रस्ता कामगारांच्या खोलीतून धूर निघत होता आणि दारात स्तामेन उभा होता. काठी, अंगावर तिचाच जुना कोट, मिशांवर बर्फ.

बिसेरानं ब्रेक दाबला. "इथवर चालत आलास? त्या खुब्यानं?"

तो जवळ आला. आधी पुढच्या चाकापाशी वाकला, जाळीखाली बोट घालून ओढ पाहिली. मग म्हणाला, "कॉफी घेऊन खिडकीशी बसलो होतो. फाटकाच्या वळणावर तुझ्या गाडीचे ठसे दिसले. बाहेरची रेघ साधी. आतली जाळीची." त्यानं काठीनं बर्फात दोन वळत्या रेघा ओढल्या. "वळताना आतली रेघ मागच्या चाकाची असते."

"हो."

"फोन लावत बसलो. लागेना. मग चालायला लागलो. दुपारी इथं पोचलो. ढिगात गाडीचं नाक घुसल्याची खूण दिसली आणि..." त्यानं बर्फाकडे बोट केलं. "मग शेजारी तुझ्या गुडघ्यांचे ठसे दिसले. पुढच्या चाकापाशी. आणि पुढं वळणावर बाहेरची रेघ जाळीची. तेव्हा खोलीत जाऊन बसलो."

आतून आजोबा ओरडले, "अरे स्तामेन, चढ आत! नाहीतर तुझ्याही पायांना साखळ्या बांधाव्या लागतील. पण आधी ठरव, कुठल्या पायांना!"

रुस्का बाईंनी दार उघडलं. स्तामेन सवयीनं चालकाच्या बाजूला वळला, मग थबकला आणि मागं आजोबांच्या शेजारी जाऊन बसला. बिसेरानं कागदात गुंडाळलेली अर्धी बनित्सा मागं न बघता त्याच्या हातात दिली. गावात शिरेपर्यंत तो एवढंच म्हणाला, "घट्ट बांधल्यास." आणि थोड्या वेळानं, "बारीक आहेत, पण चांगल्या आहेत."

घरी त्यानं साखळ्या कोमट पाण्यात धुतल्या आणि चुलीच्या वरच्या दांडीवर वाळत टाकल्या. स्वयंपाकघरात त्या टपटपत राहिल्या. बिसेरा बटाटे सोलत होती. मध्येच तो उठून दार उघडून पाहून आला. बर्फ थांबला होता.

बुधवारी पहाटे पुन्हा पडला. मानोल आजोबा या वेळी दारात बूट घालूनच उभे होते. स्तामेन व्हॅनपाशी पिशवी घेऊन थांबला होता. तो वाकला नाही. त्यानं पिशवी बिसेराच्या हातात दिली, खिशातून बॅटरी काढली आणि पुढच्या डाव्या चाकावर उजेड धरला.

"जरा खाली धर," ती म्हणाली.

त्यानं खाली धरला.