टोलनाक्यावरचं भाषण

ज्वारीचा डबा घेऊन मी लातुरात पिठाच्या गिरणीवर नंबर लावून बसलो होतो. तेवढ्यात भाच्याचा फोन आला. "मामा, आई गेली."

आई म्हणजे माझी थोरली बहीण, अक्का. अशा बातमीला जोडून फजिती काय सांगतोय, असं वाटेल तुम्हाला. पण चहा घ्या अन् ऐका. इतका मोठा गाढवपणा माझ्या हातून जन्मात झाला नव्हता!

काही दिवसांनी अक्काच्या गावी, मुखेडला, पुण्यानुमोदन होतं, म्हणजे आम्हा बौद्धांची श्रद्धांजली सभा. भाच्यानं बजावलं होतं, "मामा, आईबद्दल दोन शब्द तुम्हीच बोलायचे. लोकं थांबतील तुमच्यासाठी." आम्ही नवरा-बायको पांढरे कपडे घालून निघालो. चारचौघांत माझं तोंड उघडत नाही, म्हणून गाडीतच सराव चालला होता.

वाटेत टोलनाक्यावर टोलविरोधात रस्ता रोको! विनंती करायला मी खाली उतरलो, तर भोंगा धरलेला एक कार्यकर्ता ओरडला, "आले, आले! लातूरचे भाऊ आले!"

गाडी लातूर पासिंगची, कपडे कडक पांढरे. झालं! गळ्यात हार पडला.

"अहो, मी तो नव्हे. मला मुखेडला जायचंय, पुण्यानुमोदनाला..."

"जाऊ की भाऊ! आमी बी येतो संगं. अगोदर बोला. पब्लिक सकाळपासून उन्हात बसून राहिली."

भोंगा हातात आला. दोन वाक्यांत सुटायचं ठरवलं. पण समोर तो पूल दिसला. अर्धवट, गज उघडे पडलेला. त्याच्या बाजूच्या खड्ड्यांतून आम्ही अक्काला लातूरच्या दवाखान्यात आणलं होतं. प्रत्येक धक्क्याला ती माझा हात घट्ट धरायची. अन् त्या दिवशीही टोल घेतला होता!

सुटलोच मी! "पूल न्हाई, रस्ता न्हाई, मग टोल कशाचा? खड्डे पाडायची मजुरी द्यायची का आम्ही?"

टाळ्या! शिट्ट्या! लोकांनी नाक्याचा दांडा वर केला. ट्रक, जीप, एसटी, सगळे फुकटात सुटले.

"अहो, चला ना! तिकडं माणसं खोळंबली असतील," बायको.

"एकच मुद्दा राहिलाय!" मी.

असे किती एकच मुद्दे झाले, कुणास ठाऊक. शेवटी तिनं बखोट धरून मला गाडीत कोंबलं. तेवढ्यात खरे भाऊ आले, त्यांच्यामागं पोलीस. पब्लिक पांगली, दांडा खाली आला. नाक्यावर उरली एकच गाडी. आमची! काचेवरचा टॅग वाचला गेला, टोल कापला गेला, मगच दांडा उठला.

"सगळ्या गावाचा वाचवला," बायको म्हणाली, "अन् आपला भरला."

मुखेडला पोचलो तर वंदना घ्यायला आलेले भंतेजी निघून गेलेले. पण माणसं खरंच थांबली होती. भाच्यानं माईक दिला. "बोला मामा."

तोंड उघडलं. आवाजच फुटेना! घशातून नुसती हवा. समोरच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. त्यांना वाटलं, भावाला हुंदका आवरेना. आता भोंग्यावर ओरडून घसा बसलाय, हे त्यांना सांगायचं तरी कशानं?

मी खाली बसलो. तो टोल चुकीचाच आहे, आजही एक शब्द मागं घेणार नाही. अक्काबद्दल बोलायचं मात्र राहून गेलं.