सहावं वचन

१९३१ सालच्या जुलै महिन्यात, एका बुधवारी संध्याकाळी, आमच्या घरगुती प्रार्थनासभेतून एक माणूस वाचन अर्धवट टाकून उठून गेला. तो सुतार होता. रत्नागिरीत खाडीकाठी होड्या दुरुस्त करत असे. सभा मी चालवत होतो. ती हाती घेऊन मला तीन आठवडे झाले होते.

त्याआधी बरीच वर्षं ही सभा एका बाईंच्या पडवीत त्या स्वतःच चालवत आल्या होत्या. मिशनतर्फे आसपासच्या वाड्यांतून पायी फिरायचं आणि बायकांना पवित्र शास्त्र वाचून दाखवायचं, ही त्यांची नोकरी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, तेव्हा त्यांना शस्त्रक्रियेसाठी मिरजेला जावं लागलं. जाताना त्यांनी पडवीची किल्ली माझ्याकडे दिली. मी गावातल्या एका साप्ताहिकात बातम्या लिहीत असे आणि मुद्रितं तपासत असे. आमच्या ख्रिस्ती मंडळीतले बहुतेक लोक मला पेपरवाले म्हणत.

किल्लीबरोबर बाईंनी पुढच्या आठ बुधवारी वाचायच्या उताऱ्यांची यादी दिली आणि ती बदलायची नाही असं बजावलं. लोक येण्याआधी जाऊन चटया घालायच्या, ज्याची जागा त्यालाच ठेवायची. कोणी आलं नाही तर त्याच्या वाट्याचं वचन सभा चालवणाऱ्याने वाचायचं. पडवीत कोणी काही सांगितलं तर ते पायरीखाली उतरता कामा नये. हे सगळं त्यांनी मोटारीची वाट बघत, सामानावर बसून सांगितलं. मोटार आल्यावर म्हणाल्या, "बुधवारचं काम मंगळवारपर्यंत करून ठेवत जा." म्हणजे काय ते मी विचारलं नाही.

वाचनाची पद्धत ठरलेली होती. पहिलं वचन चालवणाऱ्याचं. मग दाराकडून सुरुवात करून प्रत्येकाने बसल्या क्रमाने उताऱ्यातलं पुढचं एकेक वचन वाचायचं. दाराशी दवाखान्यातले कंपाउंडर आणि त्यांची बायको बसत, मग दोघी म्हाताऱ्या बहिणी, मग सुतारकाका, मग मिशनच्या शाळेतल्या मास्तरीणबाई. त्यांच्यापुढे आणखी दोघंतिघं.

त्या बुधवारी कंपाउंडर आणि त्यांची बायको आजारी नातेवाइकाला बघायला पावस गावी गेली होती. न आलेल्यांची वचनं आपण वाचणं मला जादा वाटलं होतं. वेळ जातो, आणि मेलेल्यांची आठवण काढल्यासारखं वाटतं. मी ती प्रथा गाळली. पहिलं वचन मी वाचलं, दुसरं आणि तिसरं दोघी बहिणींनी. चौथं सुतारकाकांकडे आलं. त्यांनी पुस्तक उघडून धरलं होतं, बोट पानावर होतं. त्यांनी स्वच्छ आवाजात सहावं वचन वाचलं.

मास्तरीणबाई हसल्या. "काका, चष्मा होडीत राहिला का?"

मी म्हणालो, "चौथं, काका. पुन्हा वाचा." मुद्रितं तपासताना चूक दिसली की मी हेच करत असे.

ते पानाकडे बघत राहिले. कोणीतरी खोकलं. मास्तरीणबाईंनी वाकून त्यांच्या पानावर चौथ्या वचनाखाली बोट ठेवलं. काकांनी पुस्तक मिटून चटईवर ठेवलं, "आज डोलं दुकतायत" असं म्हणाले, आणि छत्री घेऊन पायऱ्या उतरून गेले.

पुढच्या बुधवारी ते आले नाहीत. त्यानंतरच्या रविवारी देवळात उपासनेलाही नव्हते.

नारळी पौर्णिमा झाली की होड्या पाण्यात जातात. काका त्यानंतर दरवर्षी कामासाठी जयगडला जाऊन राहत ते थेट मार्च-एप्रिलपर्यंत. तिथे आमची मंडळी नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्यातला एक जण असाच रागावून जयगडला गेला होता. तो परत आला, पण देवळाची पायरी पुन्हा चढला नाही. पौर्णिमेला सहा आठवड्यांहून थोडे कमी दिवस होते. मी छापखान्यातल्या दिनदर्शिकेवर ते मोजले, आणि नंतर रोज मोजू लागलो.

शनिवारी मी काकांचं चटईवर राहिलेलं पुस्तक घेऊन खाडीवर गेलो. नारळाच्या झापांच्या छपराखाली दोन होड्या पालथ्या घातल्या होत्या. काका फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकून बसवत होते. मी डोळ्यांची चौकशी केली. त्यांनी कामाचं सांगितलं. पुस्तक पुढे केलं तर म्हणाले, "ठेवा तुमच्याकडंच. हात तेलकट हायत." बुधवारी येणार का, यावर त्यांनी "बघू" एवढंच म्हटलं. मंगळवारी पुन्हा गेलो. मी दिसलो तसे ते होडीच्या पलीकडे गेले आणि तिथून ठोकण्याचा आवाज येत राहिला. मी थोडा वेळ थांबलो आणि छापखान्यात परतलो. त्या दिवशी माझ्या हातून दोन चुका तशाच छापल्या गेल्या.

मास्तरीणबाई म्हणाल्या, मी जाऊन माफी मागते, गंमत केली होती. मी त्यांना थांबवलं. कशाची माफी मागायची हेच अजून आम्हांला ठाऊक नव्हतं.

मी मिरजेला बाईंना पत्र टाकलं. उत्तराचं कार्ड आठ दिवसांनी आलं. डोळ्यांवर पट्टी असल्यामुळे ते दवाखान्यातल्या कोणाकडून तरी लिहून घेतलेलं होतं. एक डोळा झाला, दुसऱ्याला अजून महिना लागेल, असं त्यात होतं. शेवटी लिहिलं होतं: "त्यांच्याकडे जात राहा. दुसऱ्याच्या हातच्या कार्डात यापेक्षा जास्त सांगता येत नाही."

ते वाक्य मी दिवसभर खिशात घेऊन फिरलो. दुसऱ्या दिवशी दुपारी छापखान्यात जेवणाची सुट्टी असताना मी काकांचं पुस्तक उघडलं.

आत खुणेसाठी नारळाच्या झावळीच्या हिराचे आठ तुकडे घातलेले होते. प्रत्येक तुकडा यादीतल्या एकेका उताऱ्यावर होता. प्रत्येक उताऱ्यात एकाच वचनाशेजारी शिसपेन्सिलीचा ठिपका होता, जाड आणि ओळीबाहेर गेलेला, अधू नजरेने काढल्यासारखा. आठही ठिकाणी ते सहावं वचन होतं. दाराकडून मोजलं की काकांचा क्रमांक सहावाच येतो. मधलं कोणी आलं नाही तरी बाई त्याचं वचन वाचत. म्हणून तो कधी हलत नसे. बाई दर मंगळवारी खाडीकडे जात हे सगळ्यांना माहीत होतं. तिथल्या बायकांकडे जात असाव्यात, अशी आमची समजूत होती. त्या काकांकडून वचन पाठ करून घ्यायला जात होत्या, आणि मिरजेला निघण्याआधी यादीतली आठही करून घेतलेली दिसत होती.

बाप्तिस्मा घेण्याआधी मोठ्या माणसाने वाचायला शिकावं, असा त्या काळी आमच्या मंडळीत आग्रह असे. काकांनी बाप्तिस्मा देणाऱ्या पाळकसाहेबांना वाचता येतं म्हणून सांगितलेलं होतं.

त्या मंगळवारी मी तिसऱ्यांदा गेलो. बाईंची यादी संपली होती. पुढचा उतारा मला निवडायचा होता. काका या वेळी हलले नाहीत.

मी म्हणालो, "काका, चूक माझी झाली. न आलेल्यांची वचनं वाचायला बाईंनी सांगितलं होतं. मी वाचली नाहीत."

"मग?"

"म्हणून तुमची पाळी दोन घरं आधी आली."

हातोडी थांबली. "बाईंनी लिवलं तसं?"

बाईंनी काही लिहिलं नव्हतं. कार्डात काय होतं ते मी शब्दशः सांगितलं. मग कळलं कुठून, असं त्यांनी विचारलं. मी पुस्तक उघडल्याचं सांगितलं.

"इचारून उघडायचं होतं."

"हो."

त्यांनी कापसाची वात वळून फटीवर ठेवली, ठोकली नाही. "पाळकसायबांना सांगितलंत?"

"नाही. सांगणारही नाही."

"पेपरवाल्याच्या पोटात काय राह्यतं वो?"

उद्याच्या उताऱ्यातलं सहावं वचन मी तीनदा म्हणून दाखवलं. त्यांनी मागून म्हटलं नाही. तिसऱ्यांदा म्हणून होईपर्यंत त्यांनी ठोकायला सुरुवात केली होती.

बुधवारी ते आले नाहीत. सहावं वचन मी वाचलं. मास्तरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि सातवं वाचलं. कंपाउंडरांनी विचारलं, ही पद्धत पुन्हा सुरू झाली का? मी हो म्हणालो.

पौर्णिमा एका आठवड्यावर आली. एक होडी उलटवून सरळ केलेली होती, दुसरीला तेल लागत होतं. मंगळवारी मी गेलो तेव्हा काकांबरोबर आणखी दोघे कामाला होते, म्हणून मी लांब कठड्यावर बसून राहिलो. ते दोघे चहाला गेल्यावर काका हात पुसत आले आणि शेजारी उभे राहिले. मी वचन म्हटलं.

"वाईच सावकाश," ते म्हणाले.

मी सावकाश म्हटलं. त्यांनी मागून म्हटलं, एका शब्दाला अडले, पुन्हा सुरुवात केली. चौथ्यांदा सबंध आलं. माणसं परत येताना दिसली, तेव्हा मी उठलो.

दुसऱ्या दिवशी मी तासभर आधी जाऊन चटया घातल्या आणि काकांचं पुस्तक त्यांच्या जागेवर ठेवलं. दोघी बहिणींपैकी एक तापाने आली नव्हती. गीत सुरू झालं तेव्हा काकांची जागा रिकामी होती. गीत संपायच्या सुमाराला ते आले, छत्री कोपऱ्यात ठेवली, पुस्तक उचलून मांडीवर घेतलं आणि बसले.

पहिलं वचन मी वाचलं. दुसरं आणि तिसरं कंपाउंडर आणि त्यांच्या बायकोने. चौथं आलेल्या बहिणीने, पाचवं तिच्या आजारी बहिणीच्या वतीने मी. काकांनी पुस्तक उघडलं नाही. मिटलेल्या पुस्तकावर दोन्ही हात ठेवून, समोर बघत, त्यांनी सहावं वचन म्हटलं. मास्तरीणबाईंनी ते संपू दिलं, मग सातवं वाचलं. सभा नेहमीच्या वेळी संपली.

पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी काका जयगडला गेले. पुढच्या बुधवारी सहावं वचन मी वाचलं.