चंद्राबाईंच्या दारात पालखी थांबली तेव्हा

मुळशीला जायचं ठरलं ते ऑफिसातल्या एका वादामुळे. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी मोबाइलवर खुनाची बातमी वाचून दाखवली आणि डबे उघडे ठेवून आम्ही भांडत बसलो. एकाला फाशीच हवी होती. दुसरी म्हणाली, केलेलं इथंच फेडावं लागतं, देव बघत असतो. मी म्हणाले, शिक्षा भोगली की माणूस मोकळा, नाहीतर कायद्याला अर्थ काय? आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली, त्यामुळे घरी माझं असलं बोलणं कौतुकानं ऐकतात. ऑफिसात तसं काही नसतं. शेजारच्या टेबलावरची वैशाली डबा बंद करत म्हणाली, "एवढी खुमखुमी आहे ना, मग माझ्या मावशीच्या गावी यात्रेला जा. खोली भाड्यानं देते ती. तिचा दीर जन्मठेप भोगून आलाय आणि त्याला यंदा पालखीला खांदा द्यायचाय. गावात तुझ्यासारखे भांडणारे भरपूर मिळतील."

चैत्रातला शेवटचा आठवडा होता. मी चार दिवसांची रजा टाकली.

हा ब्लॉग वाचून तुम्ही जाणार असाल तर सकाळी लवकर निघा. चांदणी चौक ओलांडला की भूगावपर्यंत नुसत्या इमारती आणि त्यांच्या जाहिराती, मग पिरंगुटला कंपन्यांच्या गाड्यांची गर्दी. भरे गावाकडे जाणारे कामगार तिथं उतरले आणि बस एकदम मोकळी झाली. पौडला उतरून मी मिसळ खाल्ली (तिखट आहे, दही मागून घ्या) आणि पुढची एसटी पकडली. पावसाळ्यात या रस्त्यानं सगळेच येतात. उन्हाळ्यात येण्याचा फायदा म्हणजे खिडकी मिळते आणि डोंगरवाडीच्या बायका पानांच्या द्रोणात करवंदं विकत असतात. मालेच्या थांब्यावर मी दोन द्रोण घेतले, बोटं जांभळी करून घेतली आणि पुढच्या सीटवरच्या दोन म्हाताऱ्यांचं बोलणं ऐकत बसले.

"दत्तू आलाय म्हनं सुटून."

"आलाय की. उद्या कौल लावनार हायेत त्याच्यापायी."

"देव काय न्हाई म्हनतोय व्हय. देवाला कुटं गावात ऱ्हायाचंय."

दोघंही हसले. मला तेव्हा निम्मंच कळलं होतं. बाकीचं सुमनकाकूंनी, म्हणजे वैशालीच्या मावशीनं, तांदळाची भाकरी थापता थापता सांगितलं.

गावाच्या भैरवनाथाची पालखी वर्षातून एकदा घरोघर फिरते. पालखीच्या पुढच्या उजव्या दांडीचा मान काकूंच्या सासरचा. काकूंचे यजमान वारले, दीर तुरुंगात, म्हणून इतकी वर्षं ती दांडी शेजारचे कुणीकुणी धरत आले. आता दत्तूकाका परत आले होते. पण गावात त्यांना कुणी हाक मारत नव्हतं, मजुरीला बोलवत नव्हतं, पारावर गेले तर बसलेली माणसं काहीतरी काम आठवून उठून जायची. "पालखीला खांदा लागला का गाव मानसाला आपल्यात घेतं," काकू म्हणाल्या. "न्हाई लागला तर असंच ऱ्हायाचं, गोठ्याच्या कडंला."

दत्तूकाका खरंच गोठ्याशेजारच्या पडवीत राहत होते. जेवायलाही तिथंच. मला पाहून त्यांनी पांढरं डोकं खाली घातलं आणि बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

त्यांनी ज्याला मारलं तो रमेश, त्यांचा सख्खा चुलतभाऊ. शहरातून प्लॉट घेणारे यायला लागले, बांध सरकला की सरकला नाही यावरून दोघांचं पेटलं आणि शेतात दत्तूकाकांनी त्याच्या डोक्यात पहार घातली. रमेशची आई, चंद्राबाई, तीन घरं सोडून राहते. काकूंनी हे सांगताना मारलं हा शब्द वापरला नाही. त्या "ते झालं तवा" म्हणत होत्या. संध्याकाळी गावात फिरले, तर सगळेच तसंच बोलत होते. चहावाला म्हणाला, जमिनीला भाव आला आणि माणसं येडी झाली. देवळातले गुरव म्हणाले, ज्याच्या त्याच्या नशिबाचा भोग. एका तरुण मुलानं मात्र माझंच वाक्य मला ऐकवलं: शिक्षा भोगली, विषय संपला. मला वाटलं, चला, गावात एक तरी शहाणा आहे.

मी काकूंना विचारलं, दत्तूकाका स्वतः काय म्हणतात? काकूंनी तवा उतरवला. कोर्टात त्यांनी सांगितलं होतं की झटापटीत रमेश दगडावर पडला. नंतर कधीच काही नाही. "मी बी इचारलं न्हाई," त्या म्हणाल्या. "इचारलं असतं तर त्याला भाकरी घालाय जड गेलं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी कौल होता. गुरवांनी देवाच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची ओली पाकळी चिकटवली आणि गाऱ्हाणं घातलं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. दत्तूकाका देवळाबाहेर, चपला काढायच्या जागी उभे होते. गाव श्वास रोखून बघत होतं. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही, तरी मीही रोखलाच. बऱ्याच वेळानं उजवी पाकळी घसरली. ढोल वाजला, गुलाल उडाला आणि आदल्या दिवशी ज्यांना कामं आठवत होती त्यातले दोघंतिघं जाऊन काकांच्या पाठीवर थाप मारून आले. किती सोपं झालं होतं त्यांचं. कुणालाच काही ठरवावं लागलं नव्हतं.

परतताना एका अंगणात बाई तांदूळ पाखडत बसली होती. तिनं मला बोलावून पाणी दिलं. कुणाकडं उतरलीस, किती शिकलीस, आईला पोरं किती, असं सगळं विचारलं. मी सुमनकाकूंचं नाव घेतल्यावर सूप थांबलं. मग पुन्हा चालू झालं. त्या चंद्राबाई होत्या.

मला गप्प बसता आलं नाही. मी विचारलं, कौल उजवा झाला, तुम्हाला काय वाटतं?

"देवाचं बरं हाय," त्या म्हणाल्या. "त्याचं कुनी मेलं न्हाई."

थोड्या वेळानं खडे वेचता वेचता म्हणाल्या, "उद्या पालखी दारात येनार. खांदा देनाऱ्यांचं पाय धुवावं लागत्यात घरच्या बाईला. ठाव हाय का तुला?"

मला माहीत नव्हतं. मी तांदळातले खडे वेचायला त्यांच्याशेजारी बसले आणि बराच वेळ आम्ही तेवढंच केलं.

दुपारी मी धरणाच्या पाण्याकडे गेले. जरूर जा. पाणी मागं सरलेलं असतं, काठावर भेगाळलेली माती आणि मधे निळं पाणी. सावली मात्र नाही, टोपी न्या. मी तिथं बसून ऑफिसातला वाद पुन्हा मनात घातला. कायद्यानं शिक्षा दिली, देवानं होकार दिला, गावानं पाठ थोपटली. उरली ती एक बाई, आणि तिनं पाणी घालावं हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. ती काय करेल हे काकूंनाही सांगता येत नव्हतं. रात्रीच्या जेवणाला खेकड्याचा रस्सा होता, अप्रतिम, पण आम्ही दोघी कशाबशा जेवलो.

पालखी सकाळी निघाली. पुढच्या उजव्या दांडीला दत्तूकाका, नवं धोतर, अनवाणी. प्रत्येक दारात पालखी थांबायची, बाई चौघांच्या पायांवर तांब्यानं पाणी घालायची, देवाला ओवाळायची. बायका काकांच्या पायांवरही घालत होत्या. कुणी बघत घालत होती, कुणी न बघता. सुमनकाकूंच्या दारात पाणी घालताना काकूंचा चेहरा फुललेला होता.

चंद्राबाईंच्या दाराशी ढोल आपोआप हळू झाला. त्या तांब्या घेऊन उभ्याच होत्या. मागच्या दोघांचे पाय धुतले. पुढच्या डाव्या दांडीच्या माणसाचे धुतले. मग दत्तूकाकांसमोर येऊन थांबल्या. ढोल बंद पडला.

"दत्तू," त्या म्हणाल्या, "त्यानं पानी मागितलं व्हतं का?"

काकांनी मान वर केली नाही. मागून गुरव म्हणाले, चंद्राबाई, देव खांद्यावर हाय, हितं नको. चंद्राबाईंनी तिकडं पाहिलंही नाही.

"मागितलं," काका म्हणाले.

"मग?"

"म्या दिलं न्हाई. घाबारलो व्हतो, पळालो." दांडीखाली त्यांचा खांदा हलला. मग ते म्हणाले, "न्हाई, काकी. घाबारलो नव्हतो. राग गेला नव्हता माझा. घागर तितंच व्हती. म्या मारलं आन् पानी बी दिलं न्हाई."

चंद्राबाई तांब्या घेऊन तशाच उभ्या राहिल्या. सगळ्यांना वाटलं, आता घालतील. त्यांनी तांब्या उंबऱ्यावर ठेवला, ताट उचललं, देवाला ओवाळलं आणि म्हणाल्या, "न्या देवाला. ऊन वाढतंय."

पालखी उचलली गेली. काका दांडीखालीच होते. पुढच्या घरापर्यंतच्या धुळीत तीन माणसांचे ओले पाय उमटत गेले.

प्रसादाच्या पंगतीत वाढता वाढता गावानं आपापलं मत दिलं. गुरवांचं म्हणणं, कौल उजवा असताना पाणी अडवणं बरं नव्हे. माझा तो शहाणा तरुण म्हणाला, जुनं उकरून काय मिळालं. चहावाल्याचं मत, दत्तू कोर्टात हेच बोलला असता तर अजून आत असता. काकांच्या शेजारी दोघं येऊन बसले, एक जण उठून गेला. म्हणजे घेतलं गावानं त्यांना, थोडंसं. सुमनकाकू पंगतीला आल्या नाहीत. घरी चुलीपुढं बसून होत्या. "मला ठाव नव्हतं पान्याचं," एवढंच म्हणाल्या.

परतीच्या दिवशी दत्तूकाका मालेपर्यंत माझी पिशवी घेऊन चालत आले. मी त्यांच्याशी एकही शब्द बोलले नव्हते, आणि वाटभर त्यांच्या दोन पावलं मागंच चालले. थांब्यावर शेवटी विचारलंच, काका, बोलून मोकळं वाटलं का?

त्यांनी पिशवी खाली ठेवली. "कशाचं मोकळं, बाई. आजवर त्ये माझ्या एकट्यापाशी व्हतं. आता तिच्यापाशी बी हाय."

एसटी आली. पिरंगुटपर्यंत मी खिडकीतून काहीच पाहिलं नाही. खरं बोललं की ओझं हलकं होतं असं मी शाळेपासून मानत आले. ते हलकं होत नाही, कदाचित दुसऱ्याच्या डोक्यावर जातं, आणि तरी चंद्राबाईंनी ते मागून घेतलं होतं. न विचारता त्यांना पाय धुता आले असते, गाव खूश झालं असतं. या दोन्हींतलं काय बरोबर ते मला अजून ठरवता येत नाही. ऑफिसातल्या वादात मी आता काय बोलणार, हेही माहीत नाही.

घरी हडपसरला पोचून आईला सगळं सांगितलं. माझी आई चौथी शिकलेली, माझं बोलणं ती सहसा मधे तोडत नाही. यावेळी तोडलं. "मग त्या चंद्राबाई जेवल्या का त्या दिवशी?"

मला माहीत नव्हतं. पालखी पुढं गेल्यावर मीही पालखीमागंच गेले होते. सगळं गाव गेलं होतं. दत्तूकाकांशेजारी किती जण बसले ते मी पाहिलं, पण त्या दाराकडं मागं वळून पाहिलं नाही.

मी सुमनकाकूंना फोन लावला आणि आईचा प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "तिच्याकडं कोन जानार, पोरी? बाकीची पालखीत. आन् आमी तर मारनाऱ्याच्या घरची. रमेश गेला त्या दिसापासनं त्या उंबऱ्याला पाय लावला न्हाई म्या." फोन त्यांनीच ठेवला.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. आधी म्हणाल्या, तुझ्या त्या ब्लॉगवर काय लिवायचं त्ये लिव, पर गावाचं नाव घालू नकोस आन् मानसांची नावं बदल. तसं केलं आहे. खोलीसाठी कुणाला जायचं असेल तर मला कळवा, मी काकूंना विचारून सांगेन. दिवसाला आठशे, जेवण धरून, आणि खेकड्याचा रस्सा आधी सांगावा लागतो.

मग म्हणाल्या, "गेले व्हते काल. भाकरी आन् पिठलं घेऊन."

मी विचारलं, मग?

"बस म्हनली न्हाई. भाकरी घेतली न्हाई. पर दार बी लावलं न्हाई तिनं. मी व्हते उभी बराच येळ, ती बी व्हती. उद्या बी जाते."