गायक्याच्या पोराची इम्युनॉलॉजी

इम्युनॉलॉजीवर अधिकारवाणीनं बोलेल असा अख्ख्या गडचिरोलीत एकच माणूस होता, आणि तो त्याच विषयात दोनदा नापास झालेला होता. एमएस्सीला आमच्या पुढं असलेला हा भाऊ आता आमच्याच बाकावर येऊन बसला होता, पण रुबाब काय सांगावा! नवी पोरं होस्टेलात सामान टाकत नाहीत तोच त्याच्या खोलीत हजर. "भाऊ, कोर्स कसा आहे?" मग स्वारी गादीवर मांडी ठोकून भविष्य सांगायची. "पहिल्या महिन्यात पेशीच पेशी, सोपं वाटते. दुसऱ्यात इंटरल्युकिन नावाच्या प्रथिनाईचे नंबर येतेत, तवा घरची आठवण येते. तिसऱ्यात सगळे रोग आपल्यालेच झाले असं वाटते. चौथ्यात काहीच वाटत नाई. तवा समज, अभ्यास सुरू झाला." अगदी तसंच व्हायचं. तिसऱ्या महिन्यात अंगाला जरा खाज सुटली, तर मी जगाचा निरोप घ्यायच्या तयारीला लागलो होतो. भाऊनं एकदाच पाहिलं. "ढेकूण हायेत बे. गादी उन्हात टाक."

शिकवायचा मात्र असा, की सरांनी वही काढावी. त्याचा बाप एकेकाळी गावचा गायकी, म्हणजे घरोघरची ढोरं गोळा करून जंगलात चारायला नेणारा. भाऊच्या लेखी शरीरातल्या राखणदार पेशी म्हणजे गायकीच. आपलं ढोर कोणतं नि परकं कोणतं हे ज्याला कळत नाही, त्याला शरीर आधीच घरी बसवतं. हे ऐकून आम्ही चाचण्यांत धडाधड पास होत होतो, आणि हा पठ्ठ्या तोंडी परीक्षेत इंग्रजी ऐकलं की दगड! तिसरी खेप शेवटची होती. हुकली, की डिग्री कायमची गेली.

त्या दिवशी त्याच्यानंतर माझाच नंबर होता, म्हणून मी मागंच बसलो होतो. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी इंग्रजीत विचारलं, शरीर स्वतःवरच का उलटतं? भाऊ घाम पुसत म्हणाला, "मॅडम, आमच्या बोलीत सांगू का?"

"सांगा ना."

"पोळ्याले बैलाईचे शिंगं रंगवतेत, मॅडम. एका साली दुसऱ्या दिवशी माह्या बाबानं आपल्याच गावचा बैल ओळखला नाई. परका समजून हाणत हाणत कोंडवाड्यात टाकला. बाबा इमानदार, बैलबी आपलाच. फक्त ओळख चुकली. शरीरातबी तसंच होते."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मग उपाय काय? असल्या गायक्याला काढून टाकायचं?"

"नाई, मॅडम!" भाऊ जवळजवळ ओरडलाच. "त्याले काढलं तं वाघापासून ढोरं कोण राखन? त्याचा हात जरासा आवराचा, बस."

पुढं अर्धा तास मॅडम त्याला सोडीनात. आणि निकाल? अहो, वर्गात सगळ्यात जास्त मार्क! आम्ही संदल, म्हणजे आमच्याकडचा ढोल-ताशाचा बाजा लावून, भाऊला खांद्यावर घेऊन गावभर नाचलो. एवढा आनंद मला माझ्या निकालाचाही झाला नव्हता.

नाच थांबला तेव्हा त्यानं बापाला फोन लावला, स्पीकरवर. "बाबा, पास झालो! तुमचं बैलाचं सांगतलं तिथं."

पलीकडून बाप हळूच म्हणाला, "त्या बैलापायी गावानं माही गायकी काढली होती रे. मले वाटे, तुले माही लाज वाटत असन."

परीक्षेत खणखणीत निघालेलं 'नाई' आता भाऊच्या गळ्यातून निघेना. फोन हातात धरून तो नुसती मान हलवत राहिला.